चिरेबंदी नसलेला वाडा

विदर्भातल्या जुन्या घराबद्दल मराठीत काही लिहायचं म्हटलं की महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ला टाळून पुढं जाता येत नाही. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं, पुढं 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' हे त्याचे दोन भाग आले, आणि तेव्हापासून 'विदर्भातला वाडा' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं धरणगावकर देशपांड्यांचंच घर उभं राहतं. दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, पुन्हापुन्हा वेळ विचारणारी दादी, तात्याजींच्या मागं हिशेब घालत बसलेली मुलं, आणि दागिन्यांचा तो डबा. पुण्यात ऑफिसातल्या कुणाला मी सांगतो की माझ्या मामाचं घर गोंदिया जिल्ह्यात आहे, जुनं आहे, मालगुजारीच्या काळातलं आहे, तेव्हा वाचणारा माणूस असेल तर हमखास म्हणतो, "म्हणजे वाडा चिरेबंदीसारखं."

नाही, तसं नाही. का नाही, हे जेवणाच्या सुट्टीत सांगून होत नाही, म्हणून इथं लिहितोय. हे नाटक मला फार आवडतं, आणि त्याच्यात खोट काढणं हा या लेखाचा हेतू नाही. पण एखादी कलाकृती इतकी चांगली असते की तिच्या शेजारच्या गोष्टी दिसेनाशा होतात. आमच्याकडच्या घरांचं तसं झालंय असं मला वाटतं.

सुरुवात नावापासूनच करता येईल. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडाची. मामाच्या घरात घडीव दगड शोधायचा तर तो जोत्याच्या कोपऱ्यांना आणि खांबांच्या बुडाशी सापडतो. बाकी सगळं मातीचं. कोकणातला जांभा किंवा देशावरचा काळा कातळ डोळ्यांपुढं ठेवून वाडा हा शब्द वाचणाऱ्याला हे जरा खट्टू करणारं वाटेल. पण अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, साकोली या पट्ट्यात मालगुजाराचा वाडा आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्याचं घर यांचं साहित्य जवळपास एकच असे: भिंतीला माती, वर बांबू आणि कवेलू. फरक आकाराचा, लाकडाचा आणि दाराचा. मालगुजाराच्या दारातून भरलेली बंडी आत जायची. एवढं दार गावात दुसऱ्या कुणाचं नसायचं.

दुसरा फरक नकाशावरचा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. धरणगावचे देशपांडे वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि तिथं जमिनीची पद्धत रयतवारी झाली. देशमुख-देशपांड्यांची वतनं जुनी. देशपांडे मुळात परगण्याचा हिशेब ठेवणारा. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख वेगळा. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी एक मोठा बदल केला. भोसल्यांच्या काळात गावचा सारा गोळा करून भरणारा जो पाटील होता त्याला त्यांनी गावाची मालकीच देऊन टाकली. मालगुजार हा शब्द साऱ्याचा, पण आता तो मालक झाला. गावातलं पडीक, झुडपी रान, तलाव, गावठाण, सगळं कागदोपत्री त्याचं. मामाचा वाडा त्या बंदोबस्तानंतरचा आहे. म्हणजे तो एका वतनदार घराण्याचा निवास म्हणून उभा राहिलेला नाही. एक गाव चालवायचं कार्यालय, कोठार आणि गोठा म्हणून उभा राहिला आहे, आणि माणसं त्यात राहत होती. हा क्रम लक्षात ठेवला की घराचा नकाशा समजायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन ते घर मोजलं. आर्किटेक्चर मी शिकलेलो नाही. पण दुसऱ्यानं लिहिलेला जुना, विनाकागदपत्रांचा कोड वाचायची सवय आहे, आणि ती इथं उपयोगी पडली. असा कोड वाचताना 'हे असं का केलंय' या प्रश्नाचं उत्तर 'करणारा मूर्ख होता' हे कधीच धरायचं नसतं.

दारातून आत गेलं की आंगण. समोर सपरी. सपरी म्हणजे ओसरी, पण आमच्याकडे तिला सपरीच म्हणतात. बेचाळीस फूट लांब, नऊ फूट रुंद, सागाचे सहा खांब. सपरीच्या डाव्या टोकाला एक खोली आहे, तिला एक दार सपरीत आणि एक बाहेर रस्त्याकडे. ती कचेरी. उजव्या टोकाला धानाची खोली, आणि तिचं दार मात्र फक्त आंगणात. तिच्यात कणग्या, म्हणजे आमच्या ढोल्या. बांबूच्या विणून शेणमातीनं लिंपलेल्या. या दोन टोकांच्या मध्ये सपरी. म्हणजे हिशेब एका टोकाला, धान दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बेचाळीस फूट लांबीची अशी जागा जिथून मालकाला दोन्ही दिसतं. आंगणाच्या एका बाजूला कोठा, बैलांचा. त्याच्या मागं खळं, जिथं धानाचे पुंजणे लागायचे आणि चुरणी व्हायची. खळ्यावरून धान कुडवानं मोजून खोलीत जायचं. सपरीतून खळ्याची वाट सरळ रेषेत दिसते. मी टेप धरून उभा होतो तेव्हा हे लक्षात आलं आणि मग एकदम सगळं घरच वेगळं दिसायला लागलं. ही सपरी गप्पा मारायला बांधलेली नाही. ही पहारा द्यायला बांधली आहे.

माणसांनी राहायचं घर सपरीच्या मागं: माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, मागची सपरी, विहीर. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही हातभर. धूर वर माळ्यातून कवेलूंच्या फटींतून निघायचा. हे अज्ञान नव्हतं. धुरानं बांबूला काजळी धरते आणि काजळी धरलेल्या बांबूला कीड लागत नाही. स्वयंपाकघरावरचा बांबू घरातल्या बाकी बांबूपेक्षा जास्त टिकलाय हे आजही बोट लावून पाहता येतं. पण त्या बांबूची किंमत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी डोळ्यांनी भरली, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं. घराची 'पारंपरिक शहाणीव' असा शब्द मी जेव्हा वाचतो तेव्हा मला तो धूर आठवतो.

भिंत थरांनी चढवलेली. मातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून ती तुडवायची, हातभर उंचीचा थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. तळाशी अडीच फूट जाड, माळ्याजवळ पावणेदोन. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना माजघरात पंखा न लावता झोपता येतं, कारण दुपारची उष्णता तेवढी माती ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र होते. पाऊस मात्र या भिंतीचा शत्रू. आणि इथं पाऊस वऱ्हाडापेक्षा कितीतरी जास्त, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून अकोल्याकडं जसं सपाट, मातीचं धाब्याचं घर चालतं तसं इथं चालत नाही. छप्पर उतरतं हवं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात, जोतं उंच हवं. सपरी ही या दृष्टीनं भिंतीची छत्री आहे. पहारा देण्याच्या जागेनंच भिंतही वाचवली.

कवेलू गावच्या कुंभारानं थापून भाजलेले, अर्धगोल, एकावर एक पालथे-उताणे. ते दरवर्षी पावसाच्या आधी फेरावे लागतात: उतरवायचे, फुटके काढायचे, कचरा झाडायचा, बांबूच्या कमच्या तपासायच्या, पुन्हा चढवायचे. भिंती दरवर्षी सारवायच्या, पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. या घराला कायमची दुरुस्ती असा प्रकारच नाही. आज सगळे लोक सोडून गेले तर चार-पाच पावसाळ्यांत ते पुन्हा मातीचा ढीग होईल. दगडाचा वाडा रिकामा पडून शंभर वर्षं भुताखेतांच्या गोष्टी पोसू शकतो. मातीचा वाडा तसा राहत नाही. तो रोज कुणीतरी करावा लागतो.

कुणी करायचा, हाच खरा प्रश्न. कवेलू, बांबू, तणस, शेण, पांढरी माती, लाकूड आणि हात, यातलं विकत असं फार थोडं यायचं. लाकूड आणि बांबू गावाच्या रानातून, आणि रान मालगुजाराचं. तणस बांध्यांतून. कुंभाराला वर्षाचं ठरलेलं धान. सालगड्यांना सालाचं. आणि गावातल्या बाकीच्यांकडून बेगार: बिनपैशाचं काम, जे नाकारायची सोय नव्हती. आजोबांच्या पिढीतल्या लोकांच्या बोलण्यात 'तेव्हा सगळं गाव येऊन कवेलू फेरायचं' असं वाक्य यायचं, आणि ते अभिमानानं यायचं. त्यातलं 'येऊन' हे क्रियापद मला नेहमी खटकत आलं आहे. ते सगळे यायचे तरी सपरीच्या खालच्या पायरीपर्यंत कोण, सपरीत कोण आणि माजघरात कोण, हे जातीवर ठरलेलं होतं, आणि जोत्याची उंची पाण्याइतकीच त्यासाठीही होती.

आता घराचा तो भाग, जो घरात नाही.

वाड्याच्या मागच्या दारातून निघणारी पायवाट तलावाच्या पाळीवर जाते. माझ्या आईचं माहेर कोहळी. वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधण्याबद्दल या समाजाची ख्याती आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात कोहळ्यांवर वेगळं प्रकरण आहे, आणि गोंड राजांनी त्यांना तलाव बांधायला या भागात आणलं अशी परंपरा सांगितली जाते. नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर आहे. मारुती चितमपल्लींच्या वाचकांना तो पाण्यापेक्षा पाखरांसाठी माहीत असतो. पण हा तलाव, आणि त्याच्याभोवतीच्या गावागावांतले लहान तलाव आणि बोड्या, मुळात धानासाठी आहेत. इथला पाऊस भरपूर, पण लहरी. रोवणी झाल्यावर पंधरा दिवस दडी मारली, किंवा परतीचा पाऊस आलाच नाही, की बांधीतलं धान वाळतं. तलाव म्हणजे त्या पंधरा दिवसांची तरतूद. पाळीतून पाणी सोडायचं दार, त्याला तुडूम म्हणतात. तिथून पाट निघतात, आणि कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी, हे पाणकर ठरवतो. मासे ढिवरांचे. गाळ उन्हाळ्यात निघून बांध्यांत जायचा, पाळीची डागडुजी व्हायची. तिथंही मजुरी काही, बेगार काही.

तलावाचं पाणी बांधीत, बांधीतलं धान ढोलीत, ढोलीतलं धान कुंभाराला आणि सालगड्याला, बांधीतलं तणस भिंतीत आणि बैलाच्या गव्हाणीत, बैलाचं शेण पुन्हा भिंतीवर आणि बांधीत. रानातला बांबू छपरावर. एवढं मोठं वर्तुळ, आणि वाडा त्यातला एक थांबा. वाड्याचा अर्धा भाग भिंतींच्या बाहेर होता असं मी म्हणतो ते या अर्थानं. ते बंद वर्तुळ होतं असंही नाही. १८८० च्या दशकात रेल्वे गोंदियावरून गेली, पुढं अर्जुनीवरून चांद्याकडे फाटा निघाला, आणि तांदूळ बाहेर विकला जाऊ लागला. धानाच्या खोलीचं दार मागाहून वाढवून रुंद केलंय, चौकटीच्या दोन बाजूंचं लाकूड वेगळं आहे. माझा तर्क आहे की ते पोत्यांसाठी. सुपाटोपलीनं धान काढायला एवढं दार लागत नाही.

या वर्तुळाला १९५१ मध्ये कात्री लागली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नागपूर त्या राज्याची राजधानी. मालकी हक्क संपुष्टात आणणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. तो व्हायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. बेगारीवर उभ्या असलेल्या गोष्टीबद्दल नातवानं गळा काढू नये. पण कायद्यानं नेमकं काय केलं हे घराच्या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. मालगुजाराकडं त्याची सीर आणि खुदकाश्त जमीन राहिली. गावातल्या इमारती, आवार, त्यातली झाडं आणि विहिरी त्याच्याच राहिल्या. रान, पडीक जमीन आणि गावाचे तलाव सरकारकडे गेले. म्हणजे घर सोडलं आणि घराचा बाहेरचा अर्धा भाग काढून घेतला. कागदावर हा निवाडा उदार दिसतो: तुमचं राहतं घर तुम्हाला. मातीच्या घरापुरता तो वीजजोडणी कापून यंत्र मालकाला ठेवू देण्यासारखा होता.

आणि दुसऱ्या बाजूचंही तेच झालं, जे मला जास्त मोठं नुकसान वाटतं. तलाव सरकारचे झाले, पण त्यांचं काम करणारं सरकार गावात नव्हतं. पुढं लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. गाळ साचत गेला, पाळी फुटत गेल्या, पाणकर हा माणूसच नाहीसा होत गेला. सरकारी भाषेत आता या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि फायलीत त्याचं लघुरूप 'मामा तलाव' असं होतं. मामाच्या गावाला मामा तलाव हा विनोद आमच्या घरात करून करून झिजलाय. पण त्या नावात एक गोष्ट खरी आहे: सत्तरहून जास्त वर्षं झाली तरी या तलावांना त्यांच्या आजच्या मालकाचं किंवा वापरणाऱ्याचं नाव मिळालेलं नाही. जो गेला त्याच्या नावानंच ते ओळखले जातात. सरकारला बेगार बंद करायची होती आणि ती केली. बेगारीनं होणारं काम पगारी, हक्काच्या माणसांकडून कसं करून घ्यायचं याची व्यवस्था मात्र झाली नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून मी 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचलं. देशपांड्यांच्या घरात शेतीबद्दल बोलणं आहे, शेती नाही. ट्रॅक्टर आहे, पण तो बंद पडलेला आहे आणि दारात आहे. त्याचं प्रतीक इतकं जोरदार झालंय की तो कुठल्या शेतासाठी आला होता हा प्रश्न पडत नाही. घर कोसळतं ते माणसांच्या आतून: खोटी प्रतिष्ठा, आळस, बायकांची कोंडी, शहरात गेलेल्या भावाचा कोरडेपणा. त्या घरापुरतं ते खरं आहे, आणि प्रभाच्या शिक्षणाचं जे होतं ते वाचताना मला माझ्या एका मावशीची आठवण येते. पण घराच्या पडझडीचं कारण स्वभावात शोधायची सवय या नाटकानं आपल्याला फार पक्की लावली. त्यानंतर वाड्यांवर आलेल्या ललित लेखांत तर स्वभावाचीही जागा हळहळीनं घेतली. माझ्या मामाचा वाडा आळसानं खचलेला नाही. मामा पहाटे चारला उठतो. एलकुंचवारांच्या दुसऱ्या नाटकाच्या नावात तळं आहे, आणि ते मग्न आहे. आमच्याकडचं तळं मग्न असून चालत नाही. त्याचं तुडूम वेळेवर उघडावं लागतं.

विदर्भातल्याच दुसऱ्या एका मातीच्या घरावर जगप्रसिद्ध टीका झालेली आहे. सेवाग्रामच्या बापू कुटीत इव्हान इलिच जाऊन बसला आणि जानेवारी १९७८ मध्ये तिथल्या परिषदेत त्यानं त्या कुटीवर भाषण केलं. माणसाला राहायला किती थोडं पुरतं, आणि वस्तूंनी भरलेलं घर कसं घर राहत नाही, असा त्याचा आशय. भाषण सुंदर आहे. पण कुटी आणि शेतकऱ्याचं घर यांचं साहित्य एक असलं तरी ती एकच गोष्ट नव्हे. कुटीत धान साठवायचं नाही, बैल बांधायचे नाहीत, बाळंतपण नाही. तिचे कवेलू फेरायला संस्था आहे. साधेपणाचा धडा म्हणून मातीची भिंत दाखवायची आणि ती दरवर्षी सारवणारे हात चौकटीबाहेर ठेवायचे, ही इलिचची एकट्याची चूक नाही. मातीच्या घरांवरचं बहुतेक कौतुक याच पद्धतीचं असतं.

कौतुक करणाऱ्यांपेक्षा जास्त परिणामकारक टीकाकार म्हणजे सरकारी अर्ज. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात घराच्या छपरासाठी पर्याय होते. हातानं केलेले कवेलू: कच्चं. यंत्रावर केलेले, म्हणजे आमचे 'इंग्रजी कवेलू': पक्कं. पत्रा: पक्कं. माझा रोजचा धंदा अशाच ड्रॉपडाऊनचा आहे, म्हणून मला ठाऊक आहे की यादीतला एक पर्याय निवडणं म्हणजे जगाबद्दलचं एक मत नोंदवणं असतं, फक्त ते मत असल्यासारखं दिसत नाही. सव्वाशे पावसाळे काढलेलं अडीच फुटी भिंतीचं घर कच्चं आणि वैशाखात भट्टी होणारी पत्र्याची खोली पक्की. या यादीवरून २०१६ नंतर ग्रामीण आवास योजनेचे लाभार्थी ठरले. किमान २५ चौरस मीटरचं घर. मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. मामाची नुसती सपरी पस्तीस चौरस मीटर भरते.

हे लिहून टाळ्या घेणं सोपं आहे, म्हणून पुढचंही लिहितो. गावातल्या ज्या घरांत घरकुल आलं त्यातली कितीतरी मूळची एका खोलीची, बुटक्या जोत्याची, दर पावसाळ्यात एक भिंत पडणारी होती. अडीच फुटी भिंत मालगुजाराची. बेगारीला जाणाऱ्याकडं स्वतःचे कवेलू फेरायला दिवस उरत नसे. त्याच्या नातवाला सिमेंटची खोली मिळाली, तिच्या दारावर त्याच्या आईचं नाव आहे, आणि मे महिन्यात ती तापते म्हणून तो रात्री अंगणात झोपतो. त्याला मातीच्या भिंतीचे फायदे सांगायला मी जाणार नाही. माझी तक्रार यादीबद्दल आहे. तिला टिकाऊपणा आणि साहित्य यांतला फरक कळत नाही, म्हणून माती सुधारून, जोतं उंच करून, छप्पर लांब घेऊन त्याच पैशांत बांधता येणारं घर कुणी सुचवलं तर ते आधीच 'कच्चं' ठरलेलं असतं.

उरला रिसॉर्टवाला. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून रस्त्याकडेला 'गावरान' निवास वाढलेत. विटा-सिमेंटच्या भिंतीवर मातीच्या रंगाचा थर, त्यावर बोटांनी ओढल्यासारख्या रेघा, स्लॅबवर शोभेला कवेलू. एका अशा ठिकाणी मी मुक्काम केला आहे. भिंतीवर टकटक केलं की कळतं. तिथं एका कोपऱ्यात कणगी ठेवली होती, आणि तिच्यात टॉवेल.

मामाकडंही मागच्या वर्षी असा एकजण येऊन गेला. त्याला सपरीचे सहा खांब, मोठं दार आणि धानाच्या खोलीची चौकट हवी होती. पैसे बरे देत होता. मामा नाही म्हणाला नाही. म्हणाला, विचार करतो. घरात वाटणीचा विषय आहे, दोन भाऊ नागपूरला आहेत, आणि कवेलूंवर माकडं रोज उड्या मारतात. "फेरनारा मानूसच मिरत नाही आता," मामा म्हणतो, आणि ही तक्रार भावनेची नाही. जे दोघं फेरायचे त्यातला एक वारला, दुसऱ्याचे गुडघे गेले, आणि त्यांच्या मुलांनी ते काम शिकू नये हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी घर ठेवायच्या बाजूनं बोलत होतो तेव्हा मामी ताक घुसळत होती. ती म्हणाली, "फोटोत चांगलाच दिसते बाबू. सारवाले कोन येते?"

यावर माझ्याकडं उत्तर होतं ते पैशांचं. सारवायला आणि फेरायला येणाऱ्याला आज जी मजुरी द्यावी लागेल ती मी काढली, आणि ती माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या दोन महिन्यांच्या भाड्याइतकी निघाली. म्हणजे घर परवडत नाही असं नाही; ते आजवर कधीच कुणी पूर्ण पैसे देऊन चालवलेलं नाही, एवढंच. मामीला मात्र हे उत्तर पटलं नाही. मजूर आणला तरी त्याच्यामागं उभं राहायचं तिलाच आहे, आणि तिला स्वयंपाकघराला खिडकी हवी आहे.

सध्या ठरलंय ते असं. मागचं स्वयंपाकघर पाडून तिथं विटांचं, मोठ्या खिडकीचं नवं होईल. कोठ्यात बैल नाहीत, तो उतरवून त्याचं लाकूड सपरीच्या खचलेल्या कोपऱ्याला वापरायचं. सपरी, कचेरी आणि धानाची खोली राहणार. गावातल्या मासेमारी संस्थेनं तलावातली बेशरम काढायचं काम या उन्हाळ्यात घेतलंय; भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं याच तालुक्यात ढिवरांबरोबर देशी पाणवनस्पती लावून तलाव सुधारले आहेत, ते पाहून आलेली दोन पोरं पुढं आहेत. त्यातला एकजण आमच्या जुन्या सालगड्याचा नातू. गाळ निघाला तर भिंतीच्या डागडुजीपुरता द्या, असं मामानं संस्थेला विचारलंय, आणि संस्थेनं त्याला ट्रॉलीचा दर सांगितलाय.

कवेलूंच्या जागी पत्रा घ्यायचा असं मामाचं पक्कं झालंय. खाली बांबूचा तट्टा ठेवला तर ताप कमी लागेल. पण मी मापं धरून पाहिली: सुताराच्या अंदाजपत्रकातला पत्रा कवेलूंच्या कडेपेक्षा नऊ इंच आत संपतो, आणि पत्र्यावरून पाणी कवेलूंपेक्षा जोरात येतं. ती पागोळी जोत्याच्या कडेवरच पडेल. पुढं आणखी दोन फूट काढायला सांगितलंय. त्याला दोन वासे जास्त लागतील.